विक्षिप्तपणाचा हिशेब

"खाली," गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले.

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात, अशोका रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत मी उभा होतो. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि पोटात कावळे ओरडत होते. 'खाली' हा शब्द कानी पडताच मी मराठी माणसाच्या सहजप्रवृत्तीने खाली पाहिले. तळघरात बसण्याची सोय असावी, अशा समजुतीने जिनाही शोधू लागलो. गृहस्थांना माझी अडचण उमगली असावी. त्यांनी शेजारचे भले मोठे पातेले कलते करून दाखविले. त्याचा तळ घासूनपुसून स्वच्छ होता. कानडीत 'खाली' म्हणजे रिकामे, संपलेले. आपल्या वऱ्हाडातही हा अर्थ चालतो, हे मला नंतर आठवले. भुकेल्या माणसाला भाषाशास्त्र उशिरा सुचते.

दुकान उघडे, भट्टीत निखारे धुमसत आहेत, दारात गिऱ्हाईक आहे आणि मालक प्रसन्न मुद्रेने सांगतो आहे की आज काही मिळणार नाही! कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा वेडेपणा वाटेल. मलाही त्या क्षणी तसेच वाटले. परंतु गेली अनेक वर्षे ज्या ज्या गावी जाण्याचा योग आला, तेथील मोठी उपाहारगृहे टाळून मोहल्ल्यातल्या, पेठेतल्या, बाजारामागच्या लहान खाणावळींत जेवण्याचा मला छंद आहे. त्या अनुभवाच्या आधारे मी असे म्हणू इच्छितो की, अशा ठिकाणांचा जो विक्षिप्तपणा आपण हसून एकमेकांना सांगतो, तो बहुतांशी विक्षिप्तपणा नसतोच. तो हिशेब असतो. तो चोख असतो आणि त्याच्याच आधारावर तेथील ताट आपल्या खिशाला परवडते.

म्हैसूरला जाणारा प्रवासी राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन उद्यान पाहून परततो. देवराज मार्केटात फुले आणि चंदनाच्या वस्तू घेतो, सय्याजी राव रोडवर म्हैसूरपाकाची पेटी बांधून घेतो. या रस्त्याला आपल्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव आहे, हे पाटी वाचूनही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दसऱ्याची मिरवणूक याच रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते. त्या मिरवणुकीच्या वाटेवरून थोडेसे बाजूला वळले की मंडी मोहल्ला लागतो. जुने म्हैसूर अशाच मोहल्ल्यांत वसले आहे: किल्ला मोहल्ला, लष्कर मोहल्ला, देवराज मोहल्ला, नझरबाद. पैकी मंडी हा नावाप्रमाणेच बाजाराचा भाग. येथे जेवणारा माणूस मुख्यतः काम करणारा आहे. दुकानदार, हमाल, रिक्षाचालक, कारागीर, बाहेरगावाहून मालासाठी आलेला किरकोळ व्यापारी. त्याला वेळ थोडा, भूक मोठी आणि खिसा बेताचा. येथील खाद्यपदार्थांचा विचार करताना हे गिऱ्हाईक प्रथम डोळ्यांसमोर आणले पाहिजे. आपण हौशी खवय्ये नंतर आलो.

या मोहल्ल्याचे सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे हॉटेल हनुमंतू. १९३० सालापासूनचे हे हॉटेल मटण पुलावासाठी ओळखले जाते. त्या नावाची आणखी हॉटेले शहरात निघाल्यामुळे येथील पाटीवर 'ओरिजिनल' हा शब्द मिरविला जातो. मूळ कोण आणि शाखा कोणती हा वाद पुणेकरांना नवा नाही. पुलाव म्हटल्यावर लांबसडक बासमती आणि केशराचा घमघमाट डोळ्यांपुढे आणणाऱ्याने मात्र येथे निराशेची तयारी ठेवावी. या प्रांताचा पुलाव बारीक दाण्याच्या तांदळाचा, हिरव्या वाटणाचा, दिसायला साधा असतो. त्याची चव दुसऱ्या घासापासून कळू लागते.

जुन्या म्हैसूर प्रांतात मांसाहारी खाणावळीला 'मिलिटरी हॉटेल' म्हणतात. या नावाचा उगम लोकपरंपरा मराठा शिपायांशी जोडते. शहाजीराजांना बंगळुरूची जहागीर १६३८ च्या सुमारास मिळाली, तेव्हापासून त्या मुलखात मराठा कुटुंबे वसली. बंगळुरूचे 'शिवाजी मिलिटरी हॉटेल' हे त्या परंपरेतले आजचे नामांकित ठिकाण. तेथे जी 'दोन्ने बिर्याणी' मिळते, तिच्यातले 'दोन्ने' म्हणजे आपला द्रोणच. पदार्थ ज्या पानात वाढला, त्या पानाचेच नाव त्याला पडले, यावरून पानाचे महत्त्व ध्यानात यावे.

पानाचा विषय निघालाच आहे, तर हिशेबाला तेथूनच प्रारंभ करू. पत्रावळीवर जेवताना आपल्याला पंगतीची आठवण येऊन मन हळवे होते. मालकाच्या लेखी मात्र पत्रावळ म्हणजे न घासावी लागणारी थाळी. जुन्या वस्तीत पाणी दिवसाचे चोवीस तास नसते आणि भांडी घासणारा माणूस मिळणे त्याहून दुर्मिळ. शेकडो थाळ्या विकत घेण्याचे भांडवल, त्या घासण्याचे पाणी, साबण, मजुरी आणि ठेवायची जागा हे सारे एका वाळलेल्या पानाने वाचते. पळसाची पाने टाचून पत्रावळी करणाऱ्या स्त्रियांच्या हातीही त्यातून दोन पैसे जातात. जी गोष्ट आपल्याला 'वातावरण' वाटते, ती मुळात काटकसर आहे.

दुसरा नमुना एकाच पदार्थाचा. "आणखी काय मिळेल?" या प्रश्नाला अशा ठिकाणी बहुधा उत्तर मिळत नाही, मिळालेच तर ते नजरेने मिळते. पहाटे बाजारातून माल आणावा, सकाळी एक किंवा दोन पातेली चढवावीत, दुपारपर्यंत विकून टाकावीत. शिल्लक शून्य, शीतकपाट नाही, शिळे नाही, फेकणे नाही. आपण बँकेतील माणसे कर्जप्रस्ताव तपासताना खेळते भांडवल वर्षातून किती वेळा फिरते, हे मोठ्या आस्थेने पाहतो. वर्षातून सहा-आठ वेळा फिरले तर समाधानाने मान डोलावतो. या गृहस्थांचे भांडवल रोज एकदा फिरते! सकाळी गुंतविलेला रुपया दुपारी नफ्यासह गल्ल्यात परत येतो. आणखी एक पातेले चढवून संध्याकाळपर्यंत दुकान चालविले तर विक्री वाढेल, हे खरे. पण आणखी एक आचारी लागेल, संध्याकाळी काही उरेल आणि ते उरलेले दुसऱ्या दिवशी ताज्यात मिसळण्याचा मोह होईल. रिकामे पातेले ही गिऱ्हाइकाला मिळालेली ताजेपणाची हमीच आहे. ती हमी मिळण्यासाठी कुणीतरी उपाशी परतावे लागते. त्या दुपारी तो मान माझा होता.

तिसरा आणि सर्वांत जास्त टीकेचा धनी झालेला नियम म्हणजे बसू न देणे. शेवटचा घास तोंडात असतानाच पाठीमागे कुणीतरी येऊन उभे राहते. टेबल पुसणारा मुलगा आपल्या कोपराभोवती फडके फिरवू लागतो. अनोळखी माणसासमोर बसावे लागते. पुण्यामुंबईच्या वाचकांना हे सांगायला नको. मुंबईच्या इराणी हॉटेलांतील 'हे करू नका, ते करू नका' अशा सूचनांची यादी इतकी ख्यातनाम होती की, कवी निस्सीम इझिकेल यांनी तिच्यावर इंग्रजीत कविता केली. पुणेरी पाट्यांचा तर स्वतंत्र साहित्यप्रकारच झाला आहे. आपण त्या वाचतो, हसतो, छायाचित्रे काढतो. त्यांच्यामागचे गणित मात्र कुणी मांडत नाही.

ते मांडून पाहू. समजा, खाणावळीत २४ जण बसू शकतात आणि जेवणाची वेळ तीन तासांची आहे. भाडे, पगार, सरपण, वीज मिळून दिवसाचा ठरलेला खर्च ५,७६० रुपये धरू. प्रत्येक जण पंधरा मिनिटांत उठला तर तीन तासांत बारा पंगती बसतील, म्हणजे २८८ ताटे. ठरलेल्या खर्चाचा वाटा ताटामागे २० रुपये. आता तेच गिऱ्हाईक जेवणानंतर गप्पा मारीत पाऊण तास बसले, तर चारच पंगती, ९६ ताटे, आणि वाटा ६० रुपये. तांदूळ तोच, मटण तेच, आचारी तोच. केवळ आपल्या गप्पांपायी ताट ४० रुपयांनी महागते. आलिशान उपाहारगृहात आपण आनंदाने जे बिल देतो, त्यातील मोठा भाग खुर्चीच्या भाड्याचा असतो. मोहल्ल्यातील मालक ते भाडे आपल्याकडून घेत नाही आणि म्हणून खुर्ची परत मागतो. यात उद्धटपणा कोठे आला?

येथे एक कबुली देणे प्रामाणिकपणाचे होईल. सगळाच विक्षिप्तपणा हिशेबाचा नसतो. कळकट फडके, अस्वच्छ पाणी, नोकराच्या अंगावर ओरडणे यांनी ताटाची किंमत एक पैशानेही उतरत नाही. माझ्या पत्नीचा आक्षेप याहून मोठा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एकट्या स्त्रीने आत पाऊल टाकले की, अशा कित्येक ठिकाणी सारी पंगत घास थांबवून पाहते. 'फॅमिली'साठी म्हणून जी कोंदट खोली असते, तेथे पंखाही नसतो. ज्या स्वस्ताईचे मी गुणगान करतो आहे, ती निम्म्या समाजाला मोकळेपणाने घेता येत नसेल तर तिचे मोल त्या प्रमाणात कमीच धरले पाहिजे. जेथे मालकीण स्वतः गल्ल्यावर किंवा चुलीपाशी असते, तेथे हे चित्र पालटलेले मी पाहिले आहे.

आता मूळ चिंतेकडे येतो. हा हिशेब फार नाजूक आहे. त्यातला एक आकडा हलला की सारे कोसळते, आणि हल्ली ते आकडे आपणच, म्हणजे हौशी मंडळी आणि आपल्या सोयीसाठी निघालेल्या व्यवस्था, हलवीत आहोत. घरपोच अन्न पोचविणाऱ्या कंपनीला विक्रीचा ठरावीक हिस्सा द्यावा लागतो; ८० रुपयांच्या ताटावर दहा रुपये सुटणाऱ्याने तो कोठून द्यावा? मग किंमत वाढते किंवा पातेल्यातले मटण कमी होते. मोबाईलवर छायाचित्र पाहून दूरवरून आलेला रसिक पंचवीस मिनिटे टेबल अडवून प्रकाश जुळवीत बसतो. 'पदार्थ फार थोडे आहेत' असा अभिप्राय लिहून तो निघून जातो आणि मालकाचा शिकलेला मुलगा तो अभिप्राय वाचून भिंतीवर चाळीस पदार्थांचा फलक लावतो. असा फलक लागलेली आणि वर्ष-दीड वर्षात बंद पडलेली दोन ठिकाणे माझ्याच पाहण्यात आहेत.

जागेचा प्रश्न याहून बिकट. स्वस्त ताटाला जुन्या इमारतीचे जुने भाडे लागते, आणि जुन्या इमारतीला दुरुस्ती लागते, जी जुन्या भाड्यात होत नाही. म्हैसूरने याची किंमत मोजली आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये लॅन्सडाउन इमारतीचा भाग कोसळून माणसे दगावली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये देवराज मार्केटाचा एक भाग ढासळला. पाडून नवे बांधावे की जपून दुरुस्त करावे, हा वाद मग न्यायालयापर्यंत गेला. वारसा जपण्याच्या बाजूने आणि सुरक्षिततेच्या बाजूने बोलणारे दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. मात्र नव्या गाळ्याच्या भाड्यात जुन्या दराचा चहा बसणार नाही, ही गोष्ट त्या चर्चेत कुणी काढलेली मला दिसली नाही.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. गेल्या दहा वर्षांत आपण बँकांनी प्रत्येक टपरीवर, प्रत्येक खाणावळीत यूपीआयचा चौकोनी ठसा चिकटविला. सुट्या पैशांची कटकट मिटली, व्यवहाराची नोंद राहू लागली. हे उत्तमच झाले. परंतु २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात याच नोंदींच्या आधारे हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. अनेकांनी घाबरून ठसे खरवडून काढले आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. पुढे राज्य शासनाने दिलासा दिला, वातावरण निवळले. तरी त्या पंधरवड्याने एक गोष्ट उघड केली. आपण ठसा दिला, समज दिली नाही. सेवा पुरविणाऱ्याला वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते. २० लाख हा आकडा ऐकायला भारी वाटतो. ३६५ दिवसांनी भागला तर दिवसाला ५,४८० रुपये होतात. ८० रुपयांचे ताट धरले तर अवघी ६८ ताटे! म्हणजे जेमतेम तीन पंगतींची खाणावळही या रेषेपलीकडे जाते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो, कारण तो उलाढाल मोजत नाही, संध्याकाळी हातात उरलेले मोजतो. दीड कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीला पाच टक्क्यांची आपसमेळ योजना आहे, तिच्यात कागदपत्रे थोडी लागतात, हे त्याला ठसा चिकटविताना पाच मिनिटे बसून कुणी सांगितले असते, तर त्याने तो खरवडला असता काय? ती पाच मिनिटे आपल्या उद्दिष्टांच्या तक्त्यात नव्हती.

आपल्याला हे जमत नाही असेही नाही. १९७५ साली मुंबईत प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणगावातील स्त्रिया आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालीत. कामगार पैसे देई पगाराला, वाण्याला मात्र ते आधी द्यावे लागत. मधल्या दिवसांसाठी सावकार होताच. या बायकांजवळ तारण काय? पातेली, पोळपाट आणि वीस-पंचवीस जेवणाऱ्यांचा विश्वास. तरीही एकमेकींच्या जामिनावर त्यांच्या पहिल्या गटाला राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज दिले, आणि त्या वाटेने पुढे हजारो स्त्रिया गेल्या. त्या वेळी त्या शाखेतील कुणी अधिकाऱ्याने खाणावळीचा हिशेब समजून घेतला असला पाहिजे. कारण ताळेबंद म्हणून त्याच्यापुढे ठेवायला त्या स्त्रियांजवळ काहीही नव्हते. आज मुद्रा योजनेखाली लहान उद्योगांना विनातारण कर्ज मिळते. अर्ज संगणकावर भरता येतो. पण पातेले दुपारी एकलाच का रिकामे होते, हे त्या अर्जाच्या कोणत्याच रकान्यात लिहिता येत नाही. अर्ज तपासणाऱ्याने त्या गल्लीत एकदा जेवून यावे, एवढीच माझी सूचना आहे. जेवणाचे पैसे त्याने स्वतःच द्यावेत, हे ओघाने आलेच.

दुसऱ्या दिवशी मी साडेअकरालाच मंडी मोहल्ल्यात हजर झालो. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी ओळखीचे स्मित केले आणि पैसे घेऊन एक बिल्ला हातात ठेवला. माझ्यासमोर खांद्यावर दोरखंड टाकलेला एक हमाल आणि त्याच्या शेजारी पांढरा टोपीवाला वृद्ध व्यापारी बसला होता. कुणी कुणाशी बोलले नाही. पत्रावळीवर वाफाळता पुलाव पडला, बाजूला पातळ रस्सा आला. हमालाने माझा रस्सा संपलेला पाहून वाढप्याला खूण केली, तेवढाच आमचा परिचय. शेजारच्या टेबलावर एक तरुण मोबाईल उंच धरून उभा राहिला होता; त्याच्या ताटातली वाफ तोवर निवली. बारा मिनिटे झाली असतील. खुर्चीमागे कुणाची तरी चाहूल लागली. मी पान दुमडले, उठलो, आणि माझ्या जागी तो बसतो आहे तोच दारातून गल्ल्यावरच्या गृहस्थांचा प्रसन्न आवाज ऐकू आला.

"खाली!"

दारात एक मराठी कुटुंब उभे होते. त्यातल्या काकूंनी जिन्याकडे पाहिले.